सुनेनं सासऱ्याला टांगलं

मी जमिनीपासून तीन फूट वर लटकत होते आणि खाली उभे असलेले ट्रस्टीसाहेब मला विचारत होते, की नव्या फिजिओथेरपिस्ट बाई कुठे भेटतील. मीच ती, असं मी वरूनच सांगितलं. नमस्कारही केला. हात जोडल्याच्या धक्क्यानं मी अर्धी गिरकी घेतली, आणि त्यांचं पुढचं बोलणं त्यांना माझ्या पाठीशी करावं लागलं.

बांगलादेशची लढाई संपून काही महिने झाले होते. नगरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात ही माझी पहिलीच नोकरी. फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा आमच्या बोर्डावर होता आणि तिथंही चुकीचा लिहिलेला होता. लोक मला मालीशवाली बाई म्हणत. पेशंटचे नातेवाईक घरून तेलाची बाटली घेऊन येत आणि मी व्यायाम सांगितला की निराश होत.

मी ज्याला लटकले होते त्याला हॉइस्ट म्हणतात. ज्या माणसाला पायावर उभं राहता येत नाही त्याला खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवायचं हे यंत्र. खाली चाकांचा फाकणारा पाया, त्यावर उभा खांब, खांबाला पुढे आलेला हात. हाताच्या टोकाला आडवी दांडी, दांडीला चार हुक. हुकांना कापडाची झोळी अडकवायची, तिला स्लिंग म्हणतात. खांबाला ट्रकच्या जॅकसारखा तेलाचा जॅक असतो. दांडा मारत राहिलं की माणूस वर जातो. चावी हळूच सैल केली की तेल मागे येतं आणि माणूस खाली येतो.

निदान यायला हवा. मी येत नव्हते.

हे यंत्र परदेशातून कुणीतरी देणगी म्हणून पाठवलं होतं. वर्षभर ते लाकडी खोक्यातच होतं आणि धोबी त्या खोक्यावर चादरींच्या घड्या घालत असे. सोबतचं पुस्तक ज्या भाषेत होतं ती नगरमध्ये कुणाला येत नव्हती. चित्रं मात्र होती. शिकत असताना मी मुंबईला असं एक यंत्र पाहिलं होतं, लांबून. तेवढ्या भांडवलावर मी खोकं उघडून घेतलं. आधी तांदळाची पोती उचलून पाहिली, मग स्वतः बसले. पेशंटला ज्यात बसवायचं त्यात आधी आपण बसावं, हे मला शिकवलेलं होतं. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं आणि जॅक कोरा करकरीत होता. बेचाळीस किलोनं त्याच्यातलं तेल दबेना.

आमचे सुपरिंटेंडेंट सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर होते. सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि सिस्टर रूथना यंत्राच्या हाताला लोंबकळायची ऑर्डर दिली. सिस्टर रूथ पंचावन्नच्या, भारदस्त, तोंडातून शब्द न काढणाऱ्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, हात वर केले आणि लोंबकळल्या. मग मी इंचाइंचानं खाली आले. प्रत्येक वेळी एक सिस्टर लागणार का, असं ट्रस्टीसाहेबांनी विचारलं. फक्त वजन कमी असलेल्या पेशंटला, असं मेजरसाहेबांनी सांगितलं.

हा सगळा खटाटोप सहा नंबरच्या खाटेसाठी होता.

सहा नंबरला बन्सीअण्णा होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. वय साठीला टेकलेलं. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेलं. पाय हलत नव्हते, त्यांना स्पर्श कळत नव्हता. हात मात्र शाबूत आणि प्रचंड. एका खिलारी बैलानं शिंगावर घेऊन फेकलं, असं ते सगळ्या वॉर्डाला सांगत, आणि त्या बैलाची उंची दर आठवड्याला थोडी वाढत होती. केसपेपरवर लिहिलं होतं, छपरावरून पडले. सुनेनं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पावसाळ्याआधीची माती बरोबर पसरली की नाही ते बघायला अण्णा वर चढले होते. मागे मागे सरकत एकेक दोष दाखवत होते. दोष संपायच्या आत धाबं संपलं.

त्यांना उभं करून वजन घेणं शक्य नव्हतं. पण आयुष्यभर नजरेनं जनावर तोललेला माणूस. स्वतःचं वजन त्यांनी स्वतःच सांगितलं, अडीच मण. म्हणजे शंभर किलोच्या आसपास. पुढे मी ताडून पाहिलं, फार चुकलेलं नव्हतं.

असा माणूस नुसता पडून राहिला की पाठीला आणि ढुंगणाला जखमा होतात. त्यांना बेडसोअर म्हणतात. कातडी आधी लाल होते, मग फाटते, मग आत सडत जाते. मणक्याच्या मारानं हे पेशंट सहसा मरत नाहीत. या जखमांनी मरतात. अण्णांना एक जखम सुरू झाली होती. त्यांना दिवसातून निदान दोनदा उठवून बसवणं भाग होतं.

चार वॉर्डबॉय उचलायचे. एक-दोन-तीन म्हणून. त्यातले दोघे दोनला उचलायचे आणि दोघे तीनला. एक दिवस मधल्या वेळात सगळा भार गंगाराम नावाच्या वॉर्डबॉयवर आला आणि त्याची पाठ गेली. तो त्याच वॉर्डात आठ नंबरला अॅडमिट झाला. त्यानंतर बाकीचे तिघे अण्णांच्या खाटेच्या बाजूनं जाईनासे झाले.

मी हॉइस्टचं सुचवलं तेव्हा अण्णांनी साफ नकार दिला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्याकडं मेलेलं जनावर दांडीला लटकवून नेत्यात. जितं आपल्या पायानं जातंय."

त्यांचे पाय आता चालणार नव्हते, हे मी कसं म्हणणार.

पण मला लटकताना त्यांनी सहा नंबरवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, भ्या वाटलं का. वाटलं, असं मी खरं सांगितलं. मग पडलात कशा नाही, असा पुढचा प्रश्न. मी स्लिंग आणून दाखवली. दोन पट्टे मांडीखालून येतात, म्हणून माणूस पुढे घसरत नाही. हुकाचं तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणून पट्ट्याचा फास निसटत नाही. उचलताना पाया फाकवायचा, म्हणून यंत्र कलंडत नाही.

त्यांनी यंत्र खाटेजवळ आणायला लावलं. मग तपासणी सुरू झाली. चारी चाकं अंगठ्यानं फिरवून पाहिली, जसे खूर बघतात. खांबावर थाप मारून कान दिला. दांडा चार वेळा दाबला. सगळे हुक ओढून पाहिले. यानं आजवर काय काय उचललंय, असं विचारलं. मी म्हणाले, मला आणि तांदळाची पोती.

"तांदूळ तक्रार करत न्हाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "उंद्या बगू. पर पडदा लावायचा. आन एक-दोन-तीन कुनी म्हनायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पडदा लावला. सिस्टर रूथनी त्यांना कुशीवर वळवलं, मी अर्धी गुंडाळलेली स्लिंग पाठीशी सारली, दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घेतली. पट्टे अडकवले. मी दांडा मारायला लागले. पहिल्या दोन इंचांवर थांबायचं असतं. सगळे फास नीट बसलेत ना, हे बघायला. माणूस तोवर खाटेपासून सुटलेला नसतो, चूक झालीच तर गादीवरच पडतो. थांबले, पाहिलं, पुढे उचललं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. आठ नंबरवरून, पडद्यापलीकडून, गंगाराम दिसत नसताना सूचना देत होता. खुर्चीला ब्रेक लावलेले होते. गुडघ्याला हात लावून मी त्यांना मागे दाबलं, चावी सैल केली, आणि शंभर किलोचा माणूस सिस्टर न लोंबकळता अलगद खुर्चीत बसला.

गंगारामची पाठ गेल्यापासून ते पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची मी खिडकीशी नेली. बाहेरून एक बैलगाडी चालली होती. अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी जड बोलतील असं मला वाटलं.

"डाव्या अंगाचा बैल लंगडतोय," ते म्हणाले. "मालकाला ठावं न्हाई."

इथवरचं सोपं होतं. अवघड पुढे होतं, कारण हॉस्पिटलातून माणसाला कधी ना कधी घरी जावं लागतं.

घोडेगावाबाहेर वस्तीवर त्यांचं घर. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा पोपट, तो बापाचीच दलाली सांभाळत होता आणि आठवड्यातले चार दिवस वेगवेगळ्या बाजारांना असायचा. राहिली सून, शकुंतला. तिशीची, काटकुळी. दर आठवड्याला एसटीनं डबा घेऊन यायची. पदर डोक्यावरून पार कपाळाखाली. पडद्यापलीकडे उभी राहून सिस्टरना म्हणायची, त्यांना सांगा बाजरीची भाकरी आणलीय. अण्णाही सिस्टरनाच म्हणायचे, तिला सांगा म्हैस वेळेवर पाज. दोघांत अंतर सहा फूट. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि सून सासऱ्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. त्या घरात ती रीत होती, त्यात भांडण काही नव्हतं. अर्थात अंगाला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता.

मेजरसाहेबांच्या परवानगीनं मी औरंगाबादच्या एसटीत बसून घर पाहायला गेले. शेणानं सारवलेली जमीन, वीतभर उंबरा. आमच्या यंत्राची बोटभर चाकं तिथं चार पावलंही चालली नसती. शिवाय हॉस्पिटलचं एकुलतं एक यंत्र कोण बाहेर देणार.

मेजरसाहेबांनी मला भिंगारला यासीनभाईंकडे पाठवलं. त्यांची सगळी नोकरी सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात झाली होती. आता बाजाराच्या मागे स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. मी उचलायच्या वस्तूचं वजन, रुंदी, उंची सांगितली. ते कागदावर लिहीत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "इंजिन कौनसी गाडी का है?"

सासरे आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल ठेवली. मग पुन्हा उचलली आणि आकृतीत सगळीकडे कोपरे गोल केले.

यासीनभाई माझ्यासोबत वस्तीवर आले. पोपटचं म्हणणं, तुळई सागवानी आहे, तिलाच कप्पी लावा. यासीनभाईंनी वर पाहिलं आणि सांगितलं की त्या तुळईवर आधीच दीड हात माती आहे, आता तिला अब्बाजान नकोत. त्यांनी जाड पाइपाच्या दोन तिपायी घोड्या केल्या, त्यावर आडवी लोखंडी पट्टी टाकली आणि पट्टीवर सरकणारी चेन-पुली बसवली. ट्रकचं इंजिन बाहेर काढायला गॅरेजमध्ये असते तीच. खाट आणि खुर्ची दोन्ही या कमानीखाली. माणूस वर उचलायचा, पट्टीवरून दोन हात बाजूला सरकवायचा, खाली ठेवायचा. चाकांची गरजच नाही. चेन-पुलीचा मोठा गुण असा, की साखळी सोडून दिली तरी भार खाली येत नाही. जिथं आहे तिथंच राहतो. आणि लहान पोरीलाही ओढता येईल इतकी ती हलकी चालते. साखळी हातभर ओढावी तेव्हा माणूस बोटभर वर जातो, इतकंच.

अण्णांना आणायच्या आधी चाचणी केली. ज्वारीची दोन पोती एकदम, म्हणजे अण्णांच्या दुप्पट वजन, अर्धा तास टांगून ठेवली. ती बघायला वस्ती जमली. शकुंतलानं साखळी ओढली, पोती उचलली, सरकवली, ठेवली. ती रोज विहिरीतून पाणी शेंदणारी. तिला यात शिकवण्यासारखं फारसं नव्हतं. मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा टेम्पोतून आले आणि पोत्याच्या जागी सासरा आला.

कुशीवर वळवायचं कसं, हा पहिला प्रश्न. तो सुटला. खाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधला. अण्णांचे हात मजबूत. दोराला धरून ते स्वतःच कुशीवर वळायचे, शकुंतला मागून स्लिंग सारायची, ते उलट वळले की ओढून घ्यायची. तिचा हात फक्त कापडाला. हे यंत्र काढणाऱ्या परदेशी माणसाच्या स्वप्नातही आलं नसेल, पण सासरा-सुनेची मर्यादा यंत्रानं चार माणसांपेक्षा चांगली पाळली होती.

दुसरा प्रश्न बोलण्याचा. या कामात एक नियम आहे. साखळी ज्याच्या हातात त्यानं प्रत्येक हालचालीआधी मोठ्यानं सांगायचं. उचलते. थांबा. सरकवते. सोडते. न सांगता उचललं की पेशंट दचकतो, हात मारतो, झोका घेतो, आणि डोकं पाइपावर आपटतं. शकुंतलानं मला सांगितलं, त्यांना सांगा, उचलते. मी म्हणाले, मी उद्या इथं नसणार, तूच सांग. ती भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली. अण्णांना ऐकू गेलं नाही. त्यांनी नेमका तेव्हाच कान खाजवायला हात उचलला आणि स्लिंग एका बाजूला गेली. मी खाली घ्यायला लावलं.

अण्णांनी तोडगा काढला. तिला सांगा, बांगड्या वाजीव, मला कळंल. मी तोही फेटाळला. बांगड्या साखळी ओढतानाही वाजतात.

दारात वस्तीवरच्या बाया उभ्या होत्या. त्यातली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, हळूच, पण घर लहान होतं.

"बघ गं, सुनेनं सासऱ्याला टांगलं."

शकुंतलानं साखळी सोडली आणि ती आत चुलीपुढे जाऊन बसली.

अण्णा तेव्हा खाटेवरच होते. आता हसू येतं, पण त्या क्षणी येत नव्हतं. शकुंतला उठली नाही तर हा माणूस खाटेवरच पडून राहणार होता. पोपट यायचा दिवसाआड. जखम नुकती कुठे भरत आली होती. असा माणूस किती महिने जगतो याचा हिशोब मला शिकवलेला होता आणि तो वर्षापर्यंत जात नव्हता.

अण्णांनाही कळलं असावं. ते मला म्हणाले, पण आवाज आत जाईल इतका मोठा, "बाई, ऱ्हाऊ द्या. मी निजतो असाच. तिला गावात त्वांड दाखवायचं हाय."

आत भांडं वाजलं. शकुंतला बाहेर आली. तिनं आधी दार लावून घेतलं, म्हातारीच्या तोंडावर. मग पदर कमरेला खोचला, साखळी धरली आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली.

दोराला धरून अण्णा वळले. स्लिंग गेली. पट्टे हुकात अडकवले, डाव्या बाजूचे तिनं, उजवीकडचे मी. ती साखळी ओढू लागली. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तोंडानं ती अजून गप्पच होती आणि मी तिला रागवावं की आत्ता चालू द्यावं, या विचारात होते. त्या विचारात पहिल्या दोन इंचांवर थांबायचं राहून गेलं. नियम मी सगळ्या जगाला शिकवत होते आणि माझाच चुकला. अण्णा खाटेच्या वर हातभर गेले. कमान किरकिरली. ते पट्टीवरून सरकू लागले. आता खाली गादी नव्हती, सारवलेली जमीन होती. लटकण्याची सवय झाल्यामुळे त्यांनी दोर धरायला हात लांब केला.

"मामा, हात हलवू नका."

खडा आवाज. बैल थांबावा तसे अण्णा थांबले. मीही थांबले.

डाव्या मांडीचा फास हुकाच्या अगदी टोकाशी आला होता. अजून एक हिसका आणि निसटला असता. तो मला माझ्या बाजूनं दिसत नव्हता. तिला दिसला.

"मामा, मागं सरकवते. खाटंवर घेते. हात छातीवर ठेवा. सोडते आता. थोडं ऱ्हायलं. टेकलं का? हां. टेकलं."

पदर केव्हाच डोक्यावरून घसरला होता. अण्णा खाटेवर टेकले. तिनं फास काढला, हुकाच्या पोटात नीट बसवला, बोटानं ओढून पाहिला. मग उरलेले तिन्ही, माझे दोन धरून, ओढून पाहिले.

अण्णा छताकडे बघत होते. मग ते मला म्हणाले, "आवाज खणखणीत हाय की हिचा. अकरा वर्सं कुठं हुता?" आणि मान वळवून, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाले, "पोरी, पुन्ना उचल."

"उचलते," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं त्यांना चार वेळा खुर्चीत बसवलं आणि चार वेळा खाटेवर घेतलं. चौथ्या वेळी मी अंगणात जाऊन बसले होते आणि दाराच्या फटीतून नुसतं ऐकत होते. उचलते, थांबा, सरकवते, सोडते. बरोबर होतं. म्हातारीही ऐकत होती. तिनं मला विचारलं, आतलं बोलतंय कोन. सून, मी म्हणाले. तिला ते पटलं नाही.

तीन महिन्यांनी मी पाहणीला गेले. जखम पूर्ण बुजली होती. अण्णांची खुर्ची टेम्पोत घालून पोपट त्यांना बाजारालाही नेऊ लागला होता. खुर्चीत बसल्यामुळे त्यांची नजर नेमकी जनावराच्या गुडघ्यांच्या पातळीला यायची आणि पूर्वी सुटणारे दोष आता सुटत नव्हते. व्यापारी त्यांना टाळू लागलेत, असं पोपट अभिमानानं सांगत होता. घरात मागच्या भिंतीला नवी खिडकी पाडलेली दिसली. चुलीला धुराडं आलेलं होतं. शकुंतला मधे आठ दिवस माहेरी जाऊन आली होती आणि तेवढे दिवस साखळी ओढायला पोपट घरी बसला होता. एकंदर घरात सुधारणा बऱ्याच दिसल्या. मी अण्णांचं कौतुक केलं. त्यांनी नुसतं कमानीकडे पाहिलं.

मग त्यांना खाटेवर घ्यायची वेळ झाली. शकुंतलानं सगळं अगदी नियमानं केलं. दोन इंचांवर थांबली, फास पाहिले, पुढे उचललं. खुर्ची आणि खाट यांच्या बरोबर मधे आल्यावर तिनं साखळी सोडून दिली आणि कमरेवर हात ठेवले.

"मामा, मंगीची चौथी झाली. तिला म्होरं नेवाशाला शाळंत घालायचं म्हंतेय मी."

मंगी म्हणजे तिची मुलगी. अण्णा हवेत होते. त्यांनी तुळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आदी खाली घे," ते म्हणाले.

"घेते की. पर काय म्हंता?"

कमान जराशी किरकिरली. अण्णा हळूहळू गोल फिरत होते. भिंतीकडे तोंड गेलं, खिडकीकडे गेलं, पुन्हा सुनेकडे आलं.

"घाल," ते म्हणाले.

"सोडते," ती म्हणाली आणि त्यांना अलगद खाटेवर ठेवलं.

मी तिला बाहेर नेऊन चांगलंच फैलावर घेतलं. पेशंटला अधांतरी थांबवायचं नसतं, स्लिंगमध्ये जास्त वेळ ठेवलं तर मांड्यांना काचतं, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाई, तुमीच सांगितलं हुतं ना, साखळी सोडली तरी मानूस खाली येत न्हाई म्हनून. मी म्हणाले, ते सुरक्षिततेसाठी आहे. ती म्हणाली, व्हय, मंग.

निघताना मी अण्णांना एकट्यात विचारलं, हे नेहमीच चालतं का. दिवसाआड, ते म्हणाले. खिडकी, धुराडं आणि माहेर, तिन्ही याच कमानीखाली मंजूर झालेलं होतं. तुमची तक्रार असेल तर मी मेजरसाहेबांना सांगते, पोपटला समज द्यायला लावते, असं मी म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला.

"नगं," ते म्हणाले. "तिचं आजवर एकबी चुकीचं निगालं न्हाई. जिमिनीवर असतो तर ऐकलं नसतं, येवढंच."

बन्सीअण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मंगी पुढे शिकून नर्स झाली. मी या धंद्यात छत्तीस वर्षं काढली, शेकडो नातेवाइकांना माणूस उचलायला शिकवलं. हुक, पट्टे, ब्रेक, दोन इंचांवर थांबणं, सगळं सांगायचे. आणि शेवटी एक नियम माझ्या पदरचा जोडायचे, जो कुठल्याच पुस्तकात नाही. पेशंटची संमती नेहमी तो जमिनीवर असताना घ्यावी. हवेत असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

हा नियम मी सुनांना मात्र जरा हळू आवाजात सांगायचे.